कूलरच्या झोतापुढे गरम-तार वायुवेगमापक: एका उन्हाळ्याच्या वापरानंतरचे परीक्षण

पदवीच्या विद्यार्थ्यांना संक्षोभी प्रवाह, म्हणजे टर्ब्युलन्स, संख्याशास्त्राच्या अंगाने शिकवायचा असेल तर नागपुरात प्रयोगशाळा शोधत हिंडावे लागत नाही. मार्च संपता संपता ती प्रत्येक खिडकीला येऊन बसते. कूलरच्या झोतात उपकरण धरून विद्यार्थ्यांकडून नोंदी घ्याव्यात, त्यांची सरासरी, प्रमाण विचलन आणि वितरण काढून घ्यावे, आणि मग समीकरणांकडे वळावे, अशा हेतूने आम्ही हातात धरून वापरण्याचा एक गरम-तार वायुवेगमापक, म्हणजे हॉट-वायर ॲनिमोमीटर, घेतला. संपूर्ण उन्हाळाभर तो वर्गात, घरी आणि गच्चीवर वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जवळजवळ हेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या रंगांच्या खोक्यांत बाजारात मिळते, आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्या सर्वांना कमी-अधिक प्रमाणात लागू आहेत. माझे मत आधीच नोंदवतो: सरासरी वेग मोजण्यासाठी हे यंत्र दिलेल्या पैशांचे चीज करते, मात्र सोबतच्या पत्रकात ‘टर्ब्युलन्स मोजता येतो’ असे जे छापले आहे, ते फार मोठी सूट देऊनच वाचावे लागते.

यंत्र सीताबर्डीवरील शास्त्रीय उपकरणांच्या एका दुकानातून घेतले. किंमत पाच आकडी आहे, म्हणजे पंखडीच्या साध्या वायुवेगमापकाच्या कित्येक पट. खोक्यात मुख्य यंत्र, लांब करता येणारी नळी, तिच्या टोकाला संवेदक, संगणकाला जोडायची तार आणि एक प्लास्टिकची पेटी एवढा ऐवज असतो. संवेदकावर सरकते झाकण आहे आणि नळीच्या टोकाशी एक लहान बाण कोरलेला आहे. वारा त्या बाणाच्या दिशेने वाहील अशा रीतीने नळी धरायची असते. नळी थोडी जरी फिरली तरी आकडा घसरतो, त्यामुळे ती हातात धरण्याऐवजी प्रयोगशाळेतील लोखंडी स्टँडला चिमट्याने बसवणे श्रेयस्कर. बांधणी मजबूत आहे, पडद्यावरील आकडे मोठे आहेत आणि अंधाऱ्या खोलीतही ते स्पष्ट दिसतात. याहून अधिक बोलावे असे बाह्यरूपात काही नाही.

कार्यपद्धती मात्र समजून घेतली पाहिजे, कारण यंत्राच्या सर्व मर्यादा तिथूनच उगम पावतात. विजेने तापवलेल्या बारीक तारेवरून हवा वाहू लागली की तार थंड होते, आणि तिचे तापमान कायम राखण्यासाठी अधिक वीज पुरवावी लागते. ही जादा वीज आणि हवेचा वेग यांच्यातील संबंध एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडला: विद्युतदाबाचा वर्ग हा एक स्थिर संख्या आणि वेगाच्या सुमारे अर्ध्या घाताच्या (म्हणजे वर्गमुळाच्या) पटीतील दुसरी संख्या यांच्या बेरजेइतका असतो. संशोधन प्रयोगशाळांमध्ये यासाठी साधारण ५ मायक्रोमीटर जाडीची आणि मिलिमीटरभर लांबीची टंगस्टनची तार वापरतात. तिचे वस्तुमान नगण्य असल्यामुळे योग्य विद्युतमंडलाच्या साहाय्याने ती सेकंदाला हजारो चढउतार टिपू शकते. हातात धरायच्या यंत्रात मात्र नावाला तार असली तरी बहुधा काचेत बंद केलेला थर्मिस्टरचा, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या पदार्थाचा, मणी असतो. तो धक्क्याने तुटत नाही, विद्यार्थ्यांच्या हाती निर्धास्तपणे देता येतो. पण त्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो, आणि पडद्यावरील आकडा साधारण सेकंदाला एकदाच बदलतो. या एका सेकंदात काय काय घडून जाते, हाच या परीक्षणाचा गाभा आहे.

कूलरच्या तोंडाचा व्यास ४५ सेंटिमीटर आणि तेथील वेग सेकंदाला ६ मीटर धरला, तर थंड झालेल्या हवेच्या श्यानतेवरून, म्हणजे चिकटपणावरून, रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले व्यास भागिले श्यानता) सुमारे १,७०,००० येतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून दाखवले होते, की हा अंक लहान असताना धार सरळ राहते आणि तो पुरेसा वाढल्यावर ती विस्कटते. नळीच्या बाबतीत ही सीमा साधारण २,००० च्या पुढे येते. नळी आणि मोकळा झोत यांची सीमा एकच नसते हे खरे, तरी कूलरचा झोत संक्षोभी आहे याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे यंत्र झोतात धरल्याबरोबर आकडे स्थिर राहत नाहीत, आणि पहिल्यांदाच असे यंत्र हाताळणारा मनुष्य ते बिघडले आहे असे समजून दुकानात परत घेऊन जाण्याची शक्यता असते. दुकानदाराने मला सांगितले, की असे ग्राहक येतात आणि त्यांना ‘सर, वारा हलतो, मशीन नाही’ हे पटवण्यात त्याचा वेळ जातो. त्याचे म्हणणे शब्दशः बरोबर आहे.

पहिली कसोटी म्हणून आम्ही एकाच जागी, पंख्याच्या एकाच वेगावर, निरनिराळ्या रात्री नोंदी घेतल्या आणि त्यांचे आलेख एकावर एक ठेवले. कोणतेही दोन आलेख जुळले नाहीत, आणि ते जुळावेत अशी अपेक्षाही नव्हती. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये अवघ्या तीन समीकरणांच्या संचावर दाखवून दिले होते, की नियम पूर्णपणे निश्चित असले तरी आरंभीच्या स्थितीतील अतिसूक्ष्म फरक वाढत जाऊन काही काळाने दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. त्याआधी संगणकावर ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरल्यावर त्यांचे हवामानाचे गणित कसे भरकटले, ती हकिगत प्रसिद्ध आहे. कूलरच्या झोतात तीन नव्हे, लक्षावधी स्वतंत्र चल असतात. परंतु त्याच नोंदींचे आयतालेख काढले असता ते जवळजवळ एकमेकांवर बसले: तीच सरासरी, तोच पसारा, तोच घाटदार आकार. क्षणोक्षणीचा वेग वर्तवता येत नाही आणि त्याची आकडेवारी मात्र पुन्हा पुन्हा तीच येते, ही केऑसची, म्हणजे नियमबद्ध तरीही वर्तवता न येणाऱ्या वर्तनाची, दोन्ही अंगे एका उपकरणावर आणि एका तासिकेत दाखवता येतात, हा या यंत्राचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण आहे. यासाठी प्रवाह सांख्यिकीय दृष्ट्या स्थिर असला पाहिजे, म्हणजे त्याची सरासरी आणि पसारा काळानुसार बदलता कामा नये, ही अट मात्र पाळावी लागते. संध्याकाळी सगळ्या वस्तीचे कूलर एकदम सुरू झाले की विजेचा दाब उतरतो, पंखा मंदावतो आणि सरासरीच सरकू लागते. त्यामुळे आम्ही नोंदी रात्री उशिरा घेत असू आणि सोबत विद्युतदाबही लिहून ठेवत असू.

यंत्रावर सरासरी काढण्याची कळ आहे. ती दाबली की सोडेपर्यंतच्या सर्व आकड्यांची सरासरी मिळते, पण ती किती वेळ दाबून ठेवावी याविषयी पुस्तिकेत अवाक्षर नाही. वास्तविक येथे थोडे गणित दिले असते तर पुस्तिकेची चार पाने सार्थकी लागली असती. संक्षोभी प्रवाहात लागोपाठ घेतलेले दोन आकडे स्वतंत्र नसतात. एक मोठा भोवरा संवेदकावरून पूर्ण सरकून जाईपर्यंतचे सगळे आकडे जवळपास एकच माहिती देतात. समजा, सरासरी वेग सेकंदाला ३ मीटर आहे, चढउतार त्याच्या २५ टक्के आहेत आणि मोठ्या भोवऱ्यांचा आकार ३० सेंटिमीटर आहे. मग तो भोवरा सरकायला ०.१ सेकंद लागतो, आणि सरासरीतील अनिश्चितता ही प्रमाण विचलनाला या काळाच्या दुपटीचे व मापनकाळाचे गुणोत्तर घेऊन त्याच्या वर्गमुळाने गुणल्यास मिळते. दहा सेकंदांच्या मापनात ती साधारण साडेतीन टक्के येते, तर एका मिनिटाच्या मापनात दीड टक्क्याच्या आत. यंत्राची स्वतःची अचूकता काही टक्क्यांचीच असल्यामुळे कूलरपुढे एक मिनिट पुरेसे आहे, त्याहून अधिक वेळ देऊन हाती फारसे काही लागत नाही. हाच हिशेब गच्चीवर लावता येत नाही. तेथे भोवरे दहा-वीस मीटरचे, दुपारी तर शेकडो मीटरचेही असतात, आणि एका भोवऱ्याला सरकायला कित्येक सेकंद किंवा मिनिटे लागतात. जागतिक हवामान संघटनेने वाऱ्याच्या सरासरीसाठी १० मिनिटांचा आणि झोतांच्या कमाल वेगासाठी ३ सेकंदांचा काळ ठरवून दिला आहे, तो त्यामुळेच. मेमध्ये भर दुपारी गच्चीवर मिनिटभर यंत्र धरून ‘आज वारा इतका’ असे सांगणाऱ्याने केवळ एका भोवऱ्याची बातमी दिलेली असते.

आता पत्रकातील त्या दाव्याकडे वळतो. यंत्र कमाल, किमान आणि सरासरी दाखवते. संगणकावरील आज्ञावली त्याखेरीज प्रमाण विचलन काढून त्याला सरासरीने भागते आणि त्या संख्येला संक्षोभ-तीव्रता म्हणते. व्याख्या बरोबर आहे, पण संख्या बरोबर नाही. मणी आणि विद्युतमंडल मिळून आधीच सेकंदभराची सरासरी करून बसलेले असतात, आणि वरच्याच उदाहरणातील ०.१ सेकंदाचे भोवरे त्या सरासरीत बहुतांशी पुसले जातात. गणित केले तर मूळच्या चढउतारांपैकी निम्म्याहून कमी शिल्लक राहतात. म्हणजे झोतात खरी तीव्रता २५ टक्के असताना पडद्यावर दहा-अकरा टक्के दिसू शकते. गोल तोंडातून निघणाऱ्या मोकळ्या झोताच्या मध्यावर, तोंडापासून पुरेसे दूर गेल्यावर, ही तीव्रता २५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते हे अनेक प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे, आणि आम्हाला त्याच्या निम्म्यापर्यंतही आकडा मिळाला नाही. कूलरच्या तोंडाला जाळी आणि पट्ट्या असल्यामुळे तो आदर्श झोत नसतो हे मान्य केले, तरी एवढी तफावत जाळीच्या माथी मारता येत नाही. उत्पादकाने निदान ‘एका सेकंदाच्या सरासरीवर आधारित’ असे बारीक अक्षरांत तरी छापायला हवे होते.

या निम्म्याहून अधिक गमावलेल्या भागात नेमके काय असते, हे सांगितल्याशिवाय यंत्राचे मोल ठरवता येणार नाही, कारण विसाव्या शतकातील संक्षोभाचा बहुतेक सगळा सिद्धांत तेथेच आहे. लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये कल्पना मांडली, की मोठे भोवरे आपली ऊर्जा लहान भोवऱ्यांना देतात, ते त्याहून लहानांना, आणि शेवटी श्यानता त्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करते. जी. आय. टेलर यांनी १९३५ पासून त्या प्रवाहाकडे सहसंबंध आणि वारंवारता-पट (स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे याचा आलेख) यांच्या भाषेत पाहायला शिकवले, आणि १९३८ मध्ये एका जागी काळाच्या ओघात घेतलेल्या नोंदींवरून अवकाशातील रचना कशी वाचावी हे सांगितले: भोवरे सरासरी प्रवाहाबरोबर गोठल्यासारखे वाहत जातात असे धरायचे. चढउतार लहान असतील तेव्हाच हे गृहीतक टिकते, आणि २५ टक्क्यांवर ते ताणले जाते, ही सूचना विद्यार्थ्यांना द्यावी लागते. मग १९४१ मध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी मांडले, की मोठ्या आणि अतिसूक्ष्म भोवऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात आकडेवारी केवळ ऊर्जा खर्च होण्याच्या दरावर अवलंबून असते, मूळ कारण कूलर असो, नदी असो वा वादळ. त्यावरून ऊर्जेचा वारंवारता-पट वारंवारतेच्या उणे पाच-तृतीयांश घाताने उतरतो. १९६२ मध्ये ग्रांट, स्टुअर्ट आणि मॉयये या तिघांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या खाडीत मोजमाप करून हा उतार वारंवारतेच्या फार मोठ्या पट्ट्यात दाखवून दिला.

आमच्या यंत्राला या उताराचा आरंभसुद्धा दिसत नाही. वरील उदाहरणात चढउताराचा वेग सेकंदाला एक मीटरच्या घरात आणि मोठ्या भोवऱ्यांचा आकार २० ते ३० सेंटिमीटर धरला, तर सर्वांत लहान भोवऱ्यांचे मान मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढे येते, आणि ते संवेदकावरून सेकंदाला हजारो वेळा या गतीने सरकतात. म्हणजे मणी स्वतःच त्या भोवऱ्यांहून मोठा आहे. सेकंदाला एक नोंद घेणाऱ्या यंत्राने अर्ध्या हर्ट्झच्या वरचे काहीही सांगू नये, असा नमुनानिवडीचा नियम आहे. तरीही आज्ञावलीत ‘स्पेक्ट्रम’ नावाचे एक बटण आहे. ते दाबल्यावर सुंदर निळी रेघ उमटते. तिच्यातून कूलरच्या झोताविषयी काहीही कळत नाही. चार पात्यांचा पंखा मिनिटाला १,४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे ९३ वेळा पाते समोरून जाते, आणि तेवढ्या वारंवारतेचा ठोका झोतात असतो; तो या यंत्रापेक्षा मोबाइलच्या मायक्रोफोनला अधिक नीट ऐकू येतो.

याच ठिकाणी एक प्रकार घडला, जो असे यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांच्या एका नोंदीत सरासरीच्या दुप्पट-तिप्पट वेगाचे तुरळक आकडे सापडले, वितरणाची शेपटी लांबली आणि शिखरता (कर्टोसिस, म्हणजे टोकाचे आकडे किती वरचेवर येतात याचे माप) प्रसामान्य, म्हणजे नॉर्मल, वितरणाच्या ३ या मूल्याच्या बरीच वर गेली. विद्यार्थ्यांनी वाचले होते, की संक्षोभात अशा टोकाच्या घटना अपेक्षेपेक्षा अधिक वेळा घडतात. बॅचलर आणि टाउनसेंड यांनी १९४९ मध्ये वेगाच्या उतारांची शिखरता मोजून ऊर्जेचा ऱ्हास सर्वत्र सारखा पसरलेला नसतो हे दाखवले होते. भौतिकशास्त्रज्ञ लान्दाऊ यांनी कोल्मोगोरोव्ह यांच्या सिद्धांतावर घेतलेला आक्षेपही याच मुद्द्याभोवती होता, आणि १९६२ मध्ये कोल्मोगोरोव्ह यांनी आपल्या सिद्धांतात तशी सुधारणाही केली. तेव्हा आपण ती विरामयुक्तता (इंटरमिटन्सी, म्हणजे ऱ्हासाचे असे तुटक, विखुरलेले असणे) पकडली, असे मुलांना वाटणे स्वाभाविक होते. पण तिची खूण लहान अंतरावरील वेगांच्या फरकांत असते. एका जागच्या वेगाचे वितरण झोताच्या मध्यभागी जवळजवळ प्रसामान्यच असते, आणि त्यातून सेकंदभराची सरासरी केली की ते आणखीच प्रसामान्य होते. म्हणून या यंत्राने लांब शेपटी दाखवली तर तिचे कारण हवेत शोधण्याआधी यंत्रात शोधावे. कारण सापडलेही: ताट्यांमधून सुटलेले पाण्याचे थेंब. तापलेल्या मण्यावर थेंब पडला की तो झटक्यात थंड होतो, विद्युतमंडल जास्त वीज सोडते आणि पडद्यावर वादळी वेग उमटतो. पाण्याचा पंप बंद करून ताट्या कोरड्या होऊ दिल्यावर शेपटी नाहीशी झाली. उत्पादकाने पत्रकात कूलर आणि एसीच्या तपासणीसाठी उपयुक्त म्हणून ज्या यंत्राची जाहिरात केली आहे, त्याच्या पुस्तिकेत थेंबांविषयी एक ओळही नसावी, याचे आश्चर्य वाटते.

दुसरी मर्यादा दिशेची आहे. गरम संवेदकाला वारा समोरून आला काय आणि मागून आला काय, सारखेच. दोन्ही वेळा तो थंडच होतो. झोताच्या मध्यभागी प्रवाह सतत पुढेच जातो, त्यामुळे तेथे बिघडत नाही. झोताच्या कडेला मात्र सरासरी वेग कमी आणि चढउतार मोठे असतात, हवा अधूनमधून उलटही वळते, आणि यंत्र त्या उलट वेगालाही धन मानून सरासरीत मिळवते. परिणामी कडेची सरासरी प्रत्यक्षाहून जास्त येते आणि झोत आहे त्यापेक्षा रुंद भासतो. कडेलाच आणखी एक रंजक गोष्ट घडते: तेथील हवा काही काळ संक्षुब्ध आणि काही काळ अगदी शांत असते. किती टक्के वेळ ती संक्षुब्ध आहे हे सांगणाऱ्या गुणकाचा उपयोग भारतीय विज्ञान संस्थेतील सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९५८ मध्ये सपाट पृष्ठभागालगतच्या थरातील संक्रमणाचे वर्णन करण्यासाठी फार सुरेख रीतीने केला होता, आणि आजही तो विषय शिकवताना त्यांच्या कामाचा उल्लेख टाळता येत नाही. आमच्या यंत्रावर हा गुणक मोजता येत नाही. तरी कडेला आकडा कधी शून्यालगत रेंगाळतो आणि कधी एकदम उसळतो, एवढे मुलांना दाखवता आले.

नागपूरच्या उन्हाळ्यात यंत्र कसे वागते, हाही प्रश्न आहे. गरम तारेचे सगळे गणित तार आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर उभे असल्यामुळे हवा तापली की तेवढ्याच वेगाला तार कमी थंड होते. यंत्रात यासाठी दुसरा संवेदक बसवलेला आहे आणि ५० अंशांपर्यंत दुरुस्ती आपोआप होते असे पुस्तिका सांगते. शहरात ४५ अंश ही नवलाची गोष्ट नसल्यामुळे ही मर्यादा फार दूर नाही. गच्चीवर उन्हात नळी ठेवली तर ती सहज ओलांडली जाते, कारण नळीचे धातूचे टोक हवेहून अधिक तापते. संवेदकाने दाखवलेला आकडा आणि हवेची खरी स्थिती यांत किती अंतर पडू शकते, हे शहराने ३० मे २०२४ रोजी पाहिलेलेच आहे: रामदासपेठेतील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि पुढे हवामान खात्याने ती संवेदकाच्या बिघाडामुळे झाल्याचे स्पष्ट केले. आमच्या यंत्राबाबत सावलीत आणि खोलीत तापमानाची दुरुस्ती समाधानकारक वाटली. धुळीबाबत तसे म्हणता येत नाही. मण्यावर धुळीचा थर बसला की तो कमी थंड होतो आणि वेग कमी दिसू लागतो. मेअखेरीस आकडे हळूहळू घसरत गेले आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ कुंचल्याने संवेदक पुसल्यावर ते सावरले.

जाता जाता एका उपयोगाचा उल्लेख करतो, कारण अनेक जण असे यंत्र त्यासाठीच घेतात. खोलीतील झोत अंगाला किती बोचतो याचे गणित पी. ओले फांगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले आणि पुढे ते आयएसओ ७७३० या आंतरराष्ट्रीय मानकात आले. त्यात सरासरी वेगाबरोबर संक्षोभ-तीव्रताही लागते, कारण त्याच सरासरीचा हेलकावणारा वारा स्थिर वाऱ्याहून अधिक थंड भासतो. त्या सूत्रात ३४ मधून हवेचे तापमान वजा करायचे असते आणि ते २० ते २६ अंशांसाठीच आहे. हे सूत्र रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नवतपा नव्हता, एवढे म्हणून सोडून देतो. वातानुकूलित कार्यालयात मात्र ते लागू पडते, आणि तेथे या यंत्राने दाखवलेली कमी तीव्रता वापरली तर कर्मचाऱ्यांची तक्रार कागदावर खोटी ठरेल, याचे भान मोजणाऱ्याने ठेवावे.

पंखडीच्या वायुवेगमापकाशी तुलना अनेकांनी विचारली. तो स्वस्त आहे, थेंबांना भीत नाही आणि मोठ्या क्षेत्राची सरासरी आपोआप देतो, पण मंद हवेत त्याची पंखडी हलतच नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पंखा बंद असतानाची हवा मोजायची असेल तर गरम-तार यंत्राला पर्याय नाही. सेकंदाला १० सेंटिमीटरसारखा वेग ते बिनतक्रार दाखवते. केवळ कूलरचा कमाल झोत तपासायचा असेल तर पंखडीचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत नवीन ताट्या घ्याव्यात. संशोधनाच्या दर्जाचा संक्षोभ मोजायचा असेल तर खरी बारीक तार किंवा ध्वनिलहरींवर चालणारा त्रिदिश वायुवेगमापक लागतो. दोन्हींची किंमत महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर आहे.

विक्रीनंतरची सेवा बरी होती. संगणकाची तार पहिल्या महिन्यात सैल झाली, ती दुकानाने विनातक्रार बदलून दिली. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. आज्ञावली नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून देते, ही मोठी सोय आहे. विश्लेषण त्यातच करण्याच्या फंदात न पडता फाइल बाहेर काढून स्वतःचे गणित स्वतः करावे.

घेण्यापूर्वी दुकानातच दोन गोष्टी करून पाहाव्यात. संवेदकावरील झाकण बंद करून आकडा शून्यावर येतो का आणि मिनिटभर तेथेच राहतो का, हे पाहावे. मग झाकण उघडून नळी दुकानातील पंख्यासमोर एका जागी टेकवावी, प्रत्येकी एक मिनिटाच्या दोन-तीन सरासऱ्या लागोपाठ घ्याव्यात आणि त्या परस्परांशी दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळतात का, ते तपासावे. मधले आकडे कितीही नाचले तरी सरासऱ्या जुळल्या पाहिजेत. आकडे नाचतच नसतील, तर तो संवेदक अतिशय मंद आहे किंवा आतील विद्युतमंडल आकडे गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत करत आहे, असे समजून दुसरा नग मागावा.